अनवट बोअरच्या रायफली सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या जुन्या रायफलींच्या परवानाधारक मंडळींना,

रामराम.

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचं माप. ज्यांच्या परवान्यावर बारा बोअर किंवा .315 आहे, त्यांच्यासाठी हे पत्र नाही. त्यांची काडतुसं आपल्या शेजारी पुण्याला, खडकीच्या कारखान्यात होतात. आज दुकानात नसली तर पुढं कधीतरी येतील एवढा भरवसा त्यांना आहे. मी लिहितोय ते .423 माउझर, .318 वेस्टली रिचर्ड्स, .275 रिग्बी, .256 मॅनलिकर, .404 जेफ्री असले आकडे ज्यांच्या परवान्यावर आहेत त्यांना. पणजोबांनी घेतलेली, आजोबांनी तेलपाणी करून ठेवलेली, वडिलांनी नूतनीकरणासाठी हेलपाटे घालून टिकवलेली रायफल तुमच्या घरात आहे आणि तिची काडतुसं मिळत नाहीत. म्हणून जिथून मिळतील तिथून, जशी मिळतील तशी तुम्ही ती साठवताय. लग्नकार्यात, बाजार समितीच्या आवारात, कुठंही दोघं परवानाधारक भेटले की बोलणं तिथंच येतं: "तुमच्याकडं किती राऊंड शिल्लक आहेत?"

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. जुनी काडतुसं साठवू नका. नवी मागा, आणि एकेकट्यानं न मागता सगळ्यांनी मिळून मागा. बाकीचं पत्र त्याची कारणं सांगण्यासाठी आहे.

आधी हे आकडे आपल्याकडं आले कसे ते बघू. औंध, फलटण, जत, सांगली, मिरज ही संस्थानं आपल्याच दोन जिल्ह्यांतली. महाबळेश्वर-पाचगणीला साहेब लोकांचा उन्हाळा जायचा. या मंडळींकडं विलायती रायफली होत्या, त्या पुढं बक्षीस म्हणून, विकत किंवा वारसाहक्कानं गावोगाव पोचल्या. त्यात इतके वेगवेगळे बोअर का, याचं उत्तर इंग्रज सरकारच्या धास्तीत आहे. मार्टिनी-हेन्री ही लष्कराची जुनी रायफल .450 ची होती, तिची काडतुसं बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून 1907 च्या सुमारास हिंदुस्थानात .450 बोअरवर बंदी आली. लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी लगेच नवे आकडे काढले. हॉलंड अँड हॉलंडची .465 त्यातूनच आली. .303 लष्कराची म्हणून ती सामान्य माणसाला निषिद्ध, आजही आहे. लष्कराकडं नसेल असा बोअर हवा, म्हणून जो तो कारखाना स्वतःचा आकडा काढत गेला. शिकारी जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर 1907 मध्ये जी रायफल भेट मिळाली ती .275 रिग्बीच होती. जर्मन .423 माउझर स्वस्त आणि दणकट, म्हणून जमीनदारांनी ती उचलली.

मग एकेक दार बंद होत गेलं. बर्मिंगहॅमच्या कायनॉकनं या जुन्या शिकारी काडतुसांचं उत्पादन 1970 च्या आगेमागे गुंडाळलं. 1972 ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. ते योग्यच झालं, आणि हे मी पाटण खोऱ्यातला, रानडुकरांनी भुईमूग उकरलेल्या शेताचा मालक म्हणून लिहितोय. 1980 च्या दशकात सामान्य परवानाधारकासाठी बंदुकांची आयात बंद झाली. तेव्हापासून आपल्या घरात आहेत ती काडतुसं म्हणजे त्याआधीच्या पेट्यांमधली उरलीसुरली. आज एखादा जुना माणूस "अस्सल कायनॉकची आहेत, सील न फोडलेली" असं म्हणून दाखवतो, तेव्हा ती कमीत कमी पन्नास वर्षांची असतात.

आता अशी एक पेटी जवळून बघू. आमच्याकडच्या एका नातेवाइकांनी मला त्यांचा साठा बघायला बोलावलं होतं. सागवानी पेटी, आत कातडी पट्टा, पट्ट्याच्या प्रत्येक घरात एक काडतूस. पेटी ठेवली होती माळ्यावर, खाली गोठा, शेजारच्या खोलीत युरियाच्या गोण्या. पट्ट्यातून काडतूस ओढलं तर कातड्याला लागून असलेल्या भागावर हिरवा कळंक चढलेला, काही ठिकाणी पितळ खाऊन खड्डे पडलेले. कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि दमट हवा यांनी पितळ असंच खाल्लं जातं. ते पुसून काडतूस उजेडात धरलं आणि भिंगातून बघितलं. केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या मानेवर, जिथं पितळेनं गोळी धरून ठेवलेली असते तिथं, उभी चीर होती. केसाएवढी बारीक, नुसत्या डोळ्यानं ओरखडा वाटावी अशी. दुसऱ्याला तीच चीर, तिसऱ्याला दोन. एका काडतुसाची गोळी अंगठ्यानं दाबली तर आत सरकली. पेटी उघडी टाकून आम्ही दोघं गप्प बसलो होतो. त्यांच्या दृष्टीनं ती ठेव होती.

ही चीर कशानं पडते हे शोधून काढलं गेलं ते याच देशात पडलेल्या काडतुसांवरून. पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली इंग्रज फौजेची काडतुसं मोसमागणिक तडकायची. कारण बराच काळ कुणाला कळेना. 1921 मध्ये ते पक्कं झालं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि ओलावा, आणि त्यात केस ओढून घडवताना पितळेत राहून गेलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ आपोआप फुटतं. गोळी न झाडता, पेटीत पडल्यापडल्या. उपाय म्हणून कारखान्यात केसची मान तापवून ताण काढतात. नव्या काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो तो त्या तापवण्याचा. तो घाण समजून घासू नका.

आता आपल्या घरांचा विचार करा. गोठा घराला लागून. युरियाची गोणी कोठीत. सांगलीकडं ज्यांची पोल्ट्री आहे त्यांच्याकडं कोंबडखताचा ढीग. वाऱ्याबरोबर नाकाला जो उग्र वास झोंबतो तो अमोनियाच. दिवाळीआधी तांब्या-पितळेची भांडी घासतात, त्यातच कुणीतरी कौतुकानं काडतुसंही चकचकीत करून ठेवतं. पितळेच्या काही पॉलिशमध्येही अमोनिया असतो. म्हणजे आपण काडतुसं जपली असं आपल्याला वाटतं आणि आपणच ती नासवत असतो. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. आपल्याला हे कुणी सांगितलंच नाही, एवढंच.

दमट आणि उष्ण, आपल्या दोन जिल्ह्यांत दोन्ही टोकं आहेत. कोयना, महाबळेश्वर, चांदोलीच्या बाजूला पावसाळ्यात भिंती घाम टाकतात. माण, खटाव, आटपाडी, जत इकडं उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापते. ओलाव्यानं प्राइमर, म्हणजे बुडाशी असलेली टोपी, मरते किंवा अर्धवट जिवंत राहते. उष्णतेनं आतली दारू हळूहळू सडते. जुन्या विलायती काडतुसांत कॉर्डाइट असतं, शेवयांसारख्या लांब काड्या. ते जुनं झालं, उन्हात तापलं की त्याचा दाब कसा वागेल ते सांगता येत नाही. पत्र्याच्या छपराखाली पन्नास उन्हाळे काढलेलं काडतूस आज रायफलीत घालणं, तेही जिच्या नळीचं वय ऐंशी-शंभर वर्षं आहे अशा रायफलीत, हे धाडस करण्यासारखं कारण आपल्यापैकी एकाकडंही नाही.

तरीही कुणी झाडून बघणारच, रेंजवर नेऊन. त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहितो, कारण यात डोळा आणि बोटं जातात. ट्रिगर ओढल्यावर नुसती टक वाजली, तर बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, लगेच उघडू नका. नळी टार्गेटच्या दिशेला तशीच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा. जुना प्राइमर उशिरा पेटतो आणि उघड्या बोल्टमधून काडतूस फुटलं तर ते थेट तोंडावर येतं. दुसरं, आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथंच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. वरून दुसरी झाडली तर नळी फाटते. आणि त्या काळच्या बहुतेक प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. झाडल्यावर त्याचं मीठ नळीत बसतं, ते ओलावा ओढून घेतं आणि आठवड्याभरात नळीला खड्डे पाडतं. तेलात मीठ विरघळत नाही. आधी गरम पाण्यानं नळी धुवायची, कोरडी करायची, मग तेल. आजोबा रायफलीत उकळतं पाणी ओतायचे आणि आपल्याला नवल वाटायचं, त्याचं कारण हे होतं.

ज्यांच्याकडं नवी, चांगली काडतुसं आहेत त्यांनी ती ठेवायची कशी? कातडी पट्ट्यात नाही. मूळ खोक्यात, किंवा हवाबंद झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या खोलीत, कुलपात, रायफलीपासून वेगळी. डबा भरायचा तो फाल्गुन-चैत्रात, हवा कोरडी असताना, आणि आषाढ-श्रावणात उघडायचाच नाही. काडतुसाला तेल लावू नका. तेल झिरपून प्राइमर मरतो, आणि तेलकट काडतूस झाडलं की सगळा जोर बोल्टवर येतो.

खंडेनवमीबद्दल एक विनंती आहे, ती मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी आपण रायफलीबरोबर काडतुसंही पाटावर मांडतो, पाणी शिंपडतो, ओलं गंध, हळदकुंकू वाहतो. मग ती तशीच पुसून पट्ट्यात जातात. वर्षानुवर्षं हे होत आलंय आणि गोळीच्या कडेनं, प्राइमरच्या कडेनं कळंक धरण्याचं तेही एक कारण आहे. पूजा रायफलीची करावी, तीही गंध कोरडं लावून आणि संध्याकाळी पुसून. काडतुसांचा डबा बंदच ठेवून त्यावर अक्षता वाहाव्यात. आमच्या घरी आता असंच करतो. त्याच दिवशी काडतुसांची मोजणी करून वहीत आकडा लिहायचा, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी परवान्यावरची नोंद, वहीतला आकडा आणि डब्यातला आकडा एक निघतो.

कायद्याबद्दल आता. यात आपल्यातले जाणते लोकही चुकतात. आपल्या परवान्यावर काडतुसांचे दोन आकडे असतात, एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची. "मिळतायत तोवर घेऊन ठेवू" या भरात पहिला आकडा ओलांडला की तुमची बाकी सगळी कागदपत्रं नीट असूनही तुम्ही 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कचाट्यात सापडता. एका ओळखीच्यानं दुसऱ्या ओळखीच्याला रुमालात गुंडाळून दिलेली पाच काडतुसं, हा आपल्याकडं सर्रास चालणारा व्यवहार बेकायदा आहे. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही. घ्यायचं ते परवानाधारक विक्रेत्याकडून, परवान्यावर नोंद करून. घरच्या घरी जुन्या केसमध्ये दारू भरून काडतूस तयार करणं आपल्या परवान्यात बसत नाही, आणि जुन्या विलायती केसचे प्राइमर बहुतेक बर्डन पद्धतीचे, म्हणजे सहज काढून बदलता न येणारे असल्यामुळं ते धड जमतही नाही. चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, खोलवून घेऊन ".315 चं बसवून देतो" म्हणणारे कारागीरही गाठ पडतात. अशा कामाला हात लावायचा तर त्याचा वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर तो गुन्हाच आहे, आणि त्या रायफलीला गाल लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

2019 च्या दुरुस्तीनं परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशानं आलेलं शस्त्रही त्या दोनांतच धरलं जातं. तिसरं शस्त्र एका वर्षात जमा करायचं होतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तेव्हा बारा बोअर आणि रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि काडतूस न मिळणारी जुनी रायफल जमा केली. रायफल गेली, पण तिची काडतुसं? ती ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या खणात, देवघराच्या फडताळात तशीच आहेत. परवान्यावरून त्या बोअरची नोंद गेली त्या दिवसापासून ती काडतुसं तुमच्याकडं असणं बेकायदा झालं. माझी कळकळीची विनंती आहे, आज घरी गेल्यावर बघा. सापडली तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करा आणि पोहोच घ्या. ओढ्यात, विहिरीत, कृष्णेत टाकू नका. पाणी आटलं की ती पोरांच्या हाती लागतात.

परवानाधारक गेल्यावर तर घरच्यांची फार ओढाताण होते. दुःखातून सावरता सावरता कुणीतरी कपाट उघडतं, आत रायफल आणि काडतुसं. मुलगा नोकरीला पुण्या-मुंबईत, आईला काही ठाऊक नाही. रायफलीचं काय करायचं ते विचारायला मंडळी जातात, पण काडतुसांचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. आपण असतानाच एका कागदावर लिहून ठेवा: परवाना क्रमांक, शस्त्राचा क्रमांक, बोअर, काडतुसं किती आणि कुठं, आपल्यानंतर कुणी कुठल्या ठाण्यात जायचं. तो कागद परवान्याच्या पुस्तिकेत ठेवा.

वरातीत बार काढणाऱ्यांसाठी मला फार शब्द खर्चायचे नाहीत. रायफलीची गोळी वर गेली तरी कुठंतरी खाली येतेच, आणि आपल्याकडं वाड्या-वस्त्या किती जवळजवळ आहेत ते मी सांगायला नको. 2019 च्या दुरुस्तीत यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलंय. ज्याचं काडतूस पन्नास वर्षांत पुन्हा मिळालेलं नाही, त्यानं ते हवेत उडवावं याचं मला वाईट वाटतं.

गवे आणि रानडुकरांचं काय, असं शिराळा, पाटण, जावळीतले शेतकरी विचारतील. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला 2010 पासून दर्जा मिळाला, चांदोली आणि कोयनेच्या जंगलाला संरक्षण मिळालं, जनावरं वाढली आणि ती भातात, उसात, नाचणीत उतरतात हे खरं आहे. रात्र रात्र माळ्यावर बसून मीही राखण केलीय. पण आपल्या घरातली जुनी रायफल हा त्यावरचा उपाय नाही. गवा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, आणि रानडुकरासाठीसुद्धा वन खात्याची लेखी परवानगी लागते. नुकसानभरपाईचा पंचनामा, कुंपणाचं अनुदान हे वेगळं भांडण आहे आणि ते भांडायलाच हवं. ते काडतुसांच्या साठ्यात मिसळू नका. ज्या दिवशी कुणी तसं करेल त्या दिवशी आपल्या सगळ्यांच्याच परवान्यांकडं संशयानं बघितलं जाईल.

आता मागणीबद्दल. हेच पत्राचं मूळ कारण आहे.

एकटा माणूस विक्रेत्याकडं जाऊन ".423 ची काडतुसं आहेत का?" विचारतो, तेव्हा उत्तर ठरलेलं असतं. एका गिऱ्हाइकाच्या वीस काडतुसांसाठी कुणी कागदपत्रांत हात घालत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. आयातीला सरकारी परवाना लागतो, कारखान्याला नवं काडतूस काढायचं तर साचे, तपासणी, दाबाच्या चाचण्या हे सगळं आलं. पण साताऱ्यात चार, सांगलीत पाच, कोल्हापुरात सहा, पुण्यात दहा असे एकाच बोअरचे परवानाधारक एकत्र आले आणि प्रत्येकानं स्वतःच्या परवान्याच्या मर्यादेत लेखी मागणी एकाच विक्रेत्याकडं दिली, तर त्या कागदाला वजन येतं. यात एकाच्या नावावर घेऊन दुसऱ्याला द्यायचं नाही. मागणी एकत्र, खरेदी ज्याची त्याच्या परवान्यावर.

यातले सगळेच बोअर मेलेले नाहीत हेही लक्षात घ्या. .275 रिग्बी म्हणजे 7 बाय 57 माउझर, दुसरं तिसरं काही नाही, आणि ते काडतूस युरोप-अमेरिकेत आजही नियमित निघतं. .404 जेफ्री आफ्रिकेतल्या शिकारीमुळं परत चलनात आली. म्हणजे "आता कुठंच होत नाही" हे आपलं पालुपद निम्म्या बोअरबद्दल खोटं आहे. ती बनतात, इथं येत नाहीत. मागणी कुठं करायची ते यावरून ठरतं.

दुसरी मागणी आपल्याच देशातल्या कारखान्याकडं. खडकीचा कारखाना 1869 चा. सरकारी शस्त्र-दारूगोळा कारखाने चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित होऊन 1 ऑक्टोबर 2021 ला ज्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतल्या दारूगोळ्याच्या म्युनिशन्स इंडियाकडं तो गेला, तिचं मुख्यालय पुण्यात. आपली .315 हीसुद्धा मुळात ऑस्ट्रियन 8 बाय 50 मॅनलिकरच्या घराण्यातली. एके काळी तीही परकीच होती, इथल्या कारखान्यांनी रायफल आणि काडतूस दोन्ही बनवलं म्हणून ती गावोगाव पोचली. 7 बाय 57 सारखं एखादं काडतूस वर्षातून एकदा, आगाऊ पैसे भरून घेऊन, नोंदलेल्या मागणीपुरतंच काढता येईल का, असं त्यांना नम्रपणे, आकड्यांनिशी विचारू या. नाही म्हणाले तर लेखी नाही मिळेल. तेही हाती असलेलं बरं.

मागणी करताना बोअर नीट लिहा, हे मात्र हात जोडून सांगतो. परवान्यावर कारकुनानं जे लिहिलं ते पिढ्यान्‌पिढ्या तसंच उतरत आलंय. .423 माउझर आणि .404 जेफ्री यांची गोळी सारख्याच जाडीची, पण एकाची केस 68 मिलिमीटर, दुसऱ्याची 73. .318 वेस्टली रिचर्ड्सची गोळी प्रत्यक्षात .330 इंचाची असते, आणि जर्मन रायफलींवर .318 लिहिलेलं दिसतं ते अगदीच वेगळं, जुन्या 8 मिलिमीटरचं. .375 मध्ये कड असलेलं आणि पट्टा असलेलं अशी दोन काडतुसं आहेत. चुकीचं काडतूस चेंबरमध्ये बसलं म्हणजे ते बरोबर असतं असं नाही. नळीवर, चेंबरवर कोरलेली अक्षरं भिंगातून वाचून, कागदावर जशीच्या तशी उतरवून, शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून चेंबर मोजून घ्या. परवान्यावरचा आकडा आणि नळीवरचा आकडा वेगळा निघाला तर आधी तो परवाना अधिकाऱ्यांकडून, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातून, दुरुस्त करून घ्या. मागणी त्यानंतर.

नवी काडतुसं मिळाली तर प्रत्येकानं फार घेऊ नयेत. रायफल रेंजवर नेऊन नेम तपासायला, वर्षातून एकदा सराव करायला आणि थोडी शिल्लक राहायला पुरतील एवढीच, आणि शक्यतो सगळी एकाच लॉटची. लॉट बदलला की नेम बदलतो. पेटी भरून ठेवली की ती पुन्हा म्हातारी होणार आणि आपली नातवंडं तिच्याकडं भिंगातून बघत बसणार.

ज्यांना हे पटतं त्यांनी येत्या खंडेनवमीच्या मोजणीबरोबर आपल्या रायफलीचा बोअर, नळीवरची अक्षरं आणि हवी असलेली काडतुसं एका साध्या अर्जावर लिहून आपल्या नेहमीच्या परवानाधारक विक्रेत्याकडं द्यावीत आणि त्याची एक प्रत पोहोच घेऊन स्वतःकडं ठेवावी. अर्जावर "सामूहिक मागणी" असं वर लिहा, म्हणजे विक्रेत्यांनाही ते एका फायलीत लावता येतील. अर्ज दिवाळीच्या आत पोचले तर मार्गशीर्षात ते एकत्र करून पुण्याला नेण्याचं काम मी आणि कऱ्हाड-इस्लामपूरचे काही परवानाधारक करायला तयार आहोत.

आपला नम्र,
पाटण खोऱ्यातला एक परवानाधारक शेतकरी